बटण दाबले, अक्षर अडले कुठे?

या खेपेस जरा आडवळणाचा विषय घेत आहोत. ज्या घरातील मूल डिप्लोमाला, बीसीएला किंवा इंजिनिअरिंगला आहे, त्या घरात हा मजकूर त्या मुलापुढे जरूर ठेवावा. ज्यांच्या घरी तसे कोणी नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही. यात गणित नाही. स्टँडवरच्या जीपगाडीची गोष्ट मात्र आहे.

आमची भाची पुण्याला नोकरीच्या परीक्षेला गेली होती. तिला वडील नाहीत. आई, म्हणजे आमची धाकटी बहीण, शिवणाच्या कारखान्यात कामाला जाते. मुलीच्या फीसाठी तिने बचत गटातून दोनदा कर्ज उचलले. मुलगी अभ्यासू, वर्गात पहिल्या पाचांत. परीक्षेतील प्रश्नही दिसायला सोपा होता. सी भाषेत प्रोग्रॅम लिहा. आधी एक संख्या विचारा. मग 'आणखी करायचे का' असे विचारा, आणि वाय किंवा एन यापैकी एक बटण दाबताच, एंटर न मारता, पुढचे काम सुरू करा. एवढेच.

संध्याकाळच्या एस.टी.ने ती परतली ती थेट आमच्याकडे. चहा पुढे ठेवला तर कपाला हात लावीना.

"मामा, मला काहीच येत नाही. सगळी वर्षं फुकट गेली."

"अगं, झालं काय ते तरी सांग."

"कॉनिओ डॉट एच लिहिलं तर मशीन म्हणतं, अशी फाइलच नाही. ती ओळ काढली तर गेटसीएच चालेना. मग साधं स्कॅनएफ लिहिलं, तर दुसरा प्रश्न विचारला आणि माझी वाट न बघताच पुढं पळालं. मी बटण दाबलंच नव्हतं! तेवढ्यात वेळ संपली."

आम्हाला हसू आले नाही. आम्हीही १९९० च्या दशकात एका क्लासमध्ये हीच सी भाषा शिकलो. निळ्या पडद्यावर पहिली ओळ क्लिअरस्क्रीनची, शेवटची गेटसीएचची. का, असे विचारले की सर म्हणत, "लिहायची असते, लिहा." आम्ही लिहिली. आमच्यानंतर पंचवीस-तीस वर्षांनी आमच्या भाचीनेही तशीच लिहिली, आणि दुसऱ्या यंत्रासमोर बसताच ती पाठ केलेली ओळ तिला सोडून गेली. पोर स्वतःला ढ समजून बसली होती. तिच्या हातून चूक झाली हे खरे. पण ती ढ नाही, हे तिला पटवायला आम्हाला दोन रविवार लागले. ते दोन रविवार इथे मांडतो.

(प्रोग्रॅममधील ही नावे यंत्रावर इंग्रजी अक्षरांतच टाइप करावयाची असतात. आम्ही येथे उच्चार देत आहोत.)

पहिली गोष्ट ही की, आपण बटण दाबतो तेव्हा ते अक्षर थेट आपल्या प्रोग्रॅमच्या हातात पडत नाही. मध्ये दोन ठाणी आहेत. पहिले ठाणे यंत्राच्या कार्यप्रणालीचे, म्हणजे लिनक्स, विंडोज जे असेल त्याचे. तिथे टर्मिनल सांभाळणारा भाग बसलेला असतो. तो आपली अक्षरे एका ओळीत गोळा करतो आणि एंटर दाबेपर्यंत कोणालाही देत नाही. दुसरे ठाणे सी भाषेच्या स्वतःच्या ग्रंथालयाचे. पहिल्या ठाण्याने ओळ सोडली की हे दुसरे ठाणे ती अख्खी ओळ आपल्या पोतडीत भरते, आणि गेटचार म्हणेल तेव्हा एकेक अक्षर काढून देते. या पोतडीलाच बफर म्हणतात.

ही अडवणूक कोणाच्या दुष्टाव्यातून आलेली नाही. युनिक्स आणि सी या दोन्हींचा जन्म अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये झाला. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून तिथे युनिक्स घडवले, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रिचींनी सी भाषा घडवली. त्यांच्यासमोर पडदा नव्हता. टेलिटाइप मॉडेल ३३ नावाचे खडखडणारे टंकयंत्र होते, सेकंदाला दहा अक्षरे कागदावर छापणारे. कागदावर उमटलेले अक्षर पुसणार कसे? म्हणून सुरुवातीच्या युनिक्समध्ये चुकीचे अक्षर रद्द करायला त्यापुढे हॅशची खूण टाइप करीत. ओळ पुरी झाली, एंटर दाबले, की मगच यंत्र दुरुस्त केलेली ओळ प्रोग्रॅमला देई. आज आपण बॅकस्पेस दाबून चूक खोडतो, तेव्हा त्याच जुन्या सोयीचा लाभ घेत असतो. प्रत्येक अक्षर दाबताक्षणी प्रोग्रॅमकडे गेले असते, तर खोडायला काही उरलेच नसते.

आता जीपगाडी. आमच्याकडे तिला वडाप म्हणतात, मराठवाडा-विदर्भात काळी-पिवळी. स्टँडवर ती उभी असते. तुम्ही बसलात म्हणून ती सुटत नाही, भरल्यावर सुटते. सी भाषेत फाइलमध्ये लिहिले जाणारे अक्षर असेच बसून राहते. पोतडी भरली की सगळी अक्षरे एकदम निघतात. याला पूर्ण बफर म्हणावे. पडद्यावर जाणाऱ्या अक्षरांचा नियम सहसा जरा सैल असतो: ओळ संपल्याची खूण आली की गाडी सुटते, भरलेली असो वा नसो. आणि तिसरा प्रकार म्हणजे बिनबफर. एक माणूस आला, एक गाडी सुटली.

"मग सगळंच बिनबफर का नाही ठेवत?" भाचीने विचारले.

कारण भाडे परवडत नाही. प्रोग्रॅमने कार्यप्रणालीला प्रत्येक हाक मारायला वेळ लागतो. एक लाख अक्षरांची फाइल रीड या हाकेने एकेक अक्षर करून वाचली, तर एक लाख हाका माराव्या लागतात. तीच ४०९६ अक्षरांच्या पोतडीने वाचली तर २५ हाकांत काम होते. म्हणून बिनबफर हे दागिन्यासारखे: लागेल तेव्हाच काढावे. कुठे लागते? खेळात बाण दाबताच गाडी वळली पाहिजे तिथे. पासवर्ड घेताना अक्षर पडद्यावर उमटू नये तिथे. 'कोणतेही बटण दाबा' अशी पाटी असते तिथे. टायपिंगचा वेग मोजायचा असेल तिथे. बाकी हिशेबाच्या, यादीच्या, गुणपत्रिकेच्या प्रोग्रॅमांना वडापच बरी.

आता भाचीचा प्रोग्रॅम वाट न बघता पुढे का पळाला ते पाहू. ही चूक आमच्या मते प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी केलेलीच असते. तिने संख्या मागितली. तिने पाच दाबले आणि एंटर दाबले. म्हणजे दोन अक्षरे आत गेली, पाच आणि एंटर. स्कॅनएफने संख्या उचलली आणि एंटर पोतडीत तसाच टाकून दिला, कारण त्याला संख्येशी मतलब. मग तिने एक अक्षर मागितले. पोतडीत एक अक्षर होतेच! तो शिळा एंटर. प्रोग्रॅमने तोच उचलला, तो वायही नव्हता आणि एनही नव्हता, आणि गाडी पुढे गेली. यंत्राने तिची वाट पाहिली नाही असे तिला वाटले. खरे म्हणजे यंत्राला तिचेच आधीचे बटण मिळाले होते.

यावर उपाय सोपा. स्कॅनएफला अक्षर मागताना टक्के-सीच्या आधी एक मोकळी जागा सोडावी. ती एक जागा म्हणजे 'आधीचे सगळे कोरे, टॅब आणि एंटर गिळून टाक' असा हुकूम असतो. किंवा ओळ संपेपर्यंत गेटचारने अक्षरे काढून फेकून द्यावीत. हे करताना एक पथ्य: गेटचारचे उत्तर चार प्रकारात न ठेवता इंट प्रकारात ठेवावे. मजकूर संपला की गेटचार ईओएफ नावाची ऋण संख्या देते, आणि ती चारमध्ये नीट मावेलच याची खात्री नाही. काही यंत्रांवर तो फेरा कधी संपतच नाही.

"पण आमच्या मॅडम एफफ्लश एसटीडीइन लिहायला सांगायच्या," भाची म्हणाली. "कॉलेजात चालायचं."

चालायचे, हे खरे. पण एफफ्लश हे बाहेर जाणाऱ्या गाडीसाठी आहे: 'जेवढे बसलेत तेवढे घेऊन नीघ' असा तो हुकूम. आत येणाऱ्या अक्षरांवर तो वापरला तर काय होईल हे सी भाषेच्या प्रमाणग्रंथाने ठरवूनच दिलेले नाही. जुन्या कंपायलरांनी आपल्या मर्जीने तो एंटर फेकून दिला. लिनक्सच्या टर्मिनलवर तो फेकला जात नाही. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्येही २०१५ च्या आवृत्तीपासून त्याचा काही परिणाम होत नाही. मॅडमना आम्ही बोल लावत नाही. त्यांना शिकवणाऱ्यांनीही हेच शिकवले असणार. पण पंचवीस मार्कांच्या प्रॅक्टिकलमध्ये चाललेली गोष्ट पोटापाण्याच्या परीक्षेत चालली नाही, आणि त्याची किंमत ज्या घराने मोजली ते घर आम्ही रोज पाहतो.

आता कॉनिओ डॉट एच. बोरलँड कंपनीने १९८७ साली टर्बो सी बाजारात आणले. तेव्हा घरगुती कॉम्प्युटरवर डॉस होते. त्या यंत्रांसाठी कंपायलरवाल्यांनी कॉनिओ नावाची एक जोडपुरवणी दिली. त्यात गेटसीएच होते: बटण दाबताच अक्षर घ्या, पडद्यावर उमटवू नका. गेटसीएचई होते: घ्या आणि उमटवा. पुटसीएच होते: एक अक्षर तडक पडद्यावर टाका. केबीहिट होते: बटण दाबले आहे का एवढेच सांगा, थांबू नका. मोठी सोयीची हत्यारे. पण ती सी भाषेची नव्हेत. १९८९ साली अमेरिकेत सी भाषेचे प्रमाण ठरले, त्यात कॉनिओ नाही, आणि नंतरच्या आवृत्त्यांतही नाही. आपल्याकडील कॉलेजांनी टर्बो सी इतकी वर्षे धरून ठेवले की, मुलांना कॉनिओ म्हणजेच सी वाटू लागले. आणि शेवटी गेटसीएच का लिहायचे? तर टर्बो सीमध्ये प्रोग्रॅम संपताच निकालाचा पडदा झाकला जाऊन पुन्हा निळा पडदा येई, म्हणून निकाल दिसावा यासाठी एक बटण दाबेपर्यंत थांबवून ठेवायचे. एवढेच त्याचे कारण. ते आम्हाला क्लास सोडल्यावर दोन वर्षांनी कळले!

विंडोजवर आजही कॉनिओ मिळते. नावाआधी एक खालची रेघ देऊन अंडरस्कोअर-गेटसीएच असे लिहावे. एक खाचखळगा सांगून ठेवतो. गेटसीएचने एंटर घेतला तर तो १३ या अंकाने येतो, गेटचारने घेतला तर १० ने. आणि बाणाचे बटण दाबले तर एक नव्हे, दोन अंक येतात: आधी शून्य किंवा २२४, आणि मग खरा अंक, वरच्या बाणाला ७२, खालच्याला ८०. पहिला अंक वाचून प्रोग्रॅम पुढे गेला, तर दुसरा अंक उगाच पुढच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून घुसतो. शिळ्या एंटरचाच हा भाऊ.

लिनक्सवर काय करावे? इथे भाचीने आम्हाला अडवले. तिने दुसऱ्या रविवारपर्यंत स्वतः वाचून ठेवले होते. "मामा, सेटव्हीबफने बफर बंद केला, तरी एंटर मारावाच लागतो." आम्हाला आनंद झाला, कारण नेमकी हीच गोष्ट पुष्कळांना उमगत नाही. सेटव्हीबफ दुसऱ्या ठाण्याची, म्हणजे सी भाषेची पोतडी काढून घेते. पण अक्षर पहिल्याच ठाण्यावर अडलेले असते. तिथल्या अधिकाऱ्याशीच बोलावे लागते.

त्यासाठी टर्मिओस डॉट एच ही फाइल आहे. क्रम असा. टीसीगेटअ‍ॅटरने टर्मिनलची आजची मांडणी वाचून एका जागी जपून ठेवावी. तिची एक प्रत काढावी. त्या प्रतीत आयकॅनॉन नावाचा झेंडा खाली करावा, म्हणजे ओळ गोळा करणे थांबते. अक्षर उमटू द्यायचे नसेल तर एको नावाचा झेंडाही खाली करावा. व्हीमिन एक आणि व्हीटाइम शून्य ठेवावे, म्हणजे 'एक अक्षर येईपर्यंत थांब, आले की लगेच दे'. मग टीसीसेटअ‍ॅटरने ही नवी मांडणी लागू करावी. एवढे झाल्यावर आपले जुने गेटचारच बटण दाबताक्षणी अक्षर देऊ लागते. नवीन काही शिकावे लागत नाही.

आणि काम संपल्यावर जपून ठेवलेली मांडणी परत लावावी. हे मात्र विसरू नये. दुसऱ्याच्या घरी भांडी उसनी घेतली तर घासून परत देतो, तसेच हे. भाचीने पहिल्या खेपेला ते केले नाही. प्रोग्रॅम संपला आणि टर्मिनलवर ती काहीही टाइप करी तर काही दिसेना. लॅपटॉप बिघडला म्हणून ती घाबरली. तो कर्जाच्या हप्त्यावर घेतलेला. आम्ही म्हटले, दिसत नसले तरी टाइप कर: एसटीटीवाय, मोकळी जागा, सेन, एंटर. केले, आणि अक्षरे पुन्हा दिसू लागली. प्रोग्रॅम मध्येच कंट्रोल-सीने मारला गेला तर परतीची ओळ चालतच नाही, तेही ध्यानात ठेवून प्रोग्रॅम लिहावा लागतो.

बाहेर जाणाऱ्या अक्षरांबद्दल थोडे सांगायचे राहिले. एकेक टिंब छापून मध्ये सेकंदभर थांबणारा प्रोग्रॅम लिहून पाहा. लिनक्सवर टिंबे एकेक न येता शेवटी एकदम येतात, कारण ओळ संपल्याची खूण नाही आणि गाडी स्टँडवरच उभी. प्रत्येक टिंबानंतर एफफ्लश एसटीडीआउट लिहा, टिंबे हवी तशी येतील. दुसरे याहून महत्त्वाचे. प्रोग्रॅम मध्येच कोसळला तर गाडीत बसून राहिलेली अक्षरे कधीच पोचत नाहीत. आम्ही एकदा अख्खी रात्र चूक चुकीच्या जागी शोधली. आमची खुणेची ओळ छापली गेली नव्हती, म्हणून आम्हाला वाटले प्रोग्रॅम तिथपर्यंत पोचलाच नाही. तो पोचला होता, पुढेही गेला होता. ओळ तेवढी पोतडीत मेली. तेव्हापासून खुणेच्या ओळी आम्ही एसटीडीईआरआरवर पाठवतो. तो मार्ग अँब्युलन्ससारखा, गाडी भरण्याची वाट बघत नाही.

दुसऱ्या रविवारी दुपारपर्यंत परीक्षेतला तो प्रोग्रॅम तिने लिनक्सवर पुरा केला. वाय दाबले की पुढे, एन दाबले की बंद, एंटर नाही. मग तिला हुरूप आला. अभ्यासिकेतल्या मुलांसाठी मराठी टायपिंगचा सराव करून घेणारा छोटा प्रोग्रॅम करू म्हणाली. दाबलेली अक्षरे मोजायची आणि सेकंदांनी भागायचे. करून झाल्यावर तिने आईला बोलावले. बहीण नुकती कारखान्यातून आली होती, हातावर दोऱ्याचे तुकडे तसेच. मुलीने मराठी कळफलक लावून दिला आणि क दाखवला. बहिणीने एका बोटाने क दाबला. पडद्यावर आकडा आला ३.

"मी तर एकच दाबलं," बहीण म्हणाली.

भाचीने आमच्याकडे पाहिले. सी भाषेतले चार म्हणजे आपले अक्षर नव्हे, तो एक बाइट. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावते. लिनक्सवर चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. क म्हणजे २२४, १६४ आणि १४९. आई हा शब्द सहा बाइटांचा. कि लिहिले तर क आणि वेलांटी मिळून सहा. ओळ गोळा करणारे ठाणे बाजूला केल्यावर हे तुकडे सुटे सुटे हातात येतात, आणि ते जुळवणे, बॅकस्पेस आला की नेमके तीन काढणे, हे सगळे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या अंगावर पडते. मार्ग आहे. पहिला बाइट २२४ ते २३९ यांमध्ये असेल तर अजून दोन येणार हे त्यावरूनच कळते. मात्र तो अनसाइन्ड चारमध्ये किंवा इंटमध्ये धरावा, नाहीतर २२४ ऐवजी ऋण आकडा दिसतो.

"थांब आई, जाऊ नकोस," म्हणत भाचीने पुन्हा कळफलक पुढे ओढला. वीसेक मिनिटे गेली. बहिणीने तोवर हात धुतले, कुकर लावला. मग परत येऊन तिने क दाबला, आणि आकडा आला १.